रीफ टाकीतलं कोरलाइन शैवाल: आणायचं कसं आणि आवरायचं कसं

खाऱ्या पाण्याची, कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायची रीफ टाकी नवी असताना प्रत्येकाला एकच घाई असते: पांढरे दगड कोरलाइन शैवालाने कधी एकदा जांभळे होतात! वर्षभराने तोच माणूस विचारतो, की काच सारखी जांभळी होते, पंपाचा जोर कमी झालाय, हे थांबवू कसं? हे दोन्ही प्रश्न मला पडून गेले आहेत. दोन्हींचं उत्तर बरंचसं एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे पाण्यातल्या अल्कलिनिटीत (विरघळलेल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्यात). ती स्थिर ठेवता आली की शैवाल येतं. आल्यावर मात्र ते कुठे राहू द्यायचं आणि कुठून काढायचं, हे आपण ठरवायचं असतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

१. आधी ओळख पटवून घ्या

कोरलाइन हे लाल शैवालांच्या गटातलं आहे. पेशींच्या भिंतींत ते कॅल्शियम कार्बोनेट साठवतं आणि त्यात बऱ्यापैकी मॅग्नेशियमही असतं. म्हणून ते दगडासारखं कडक लागतं. आपल्या टाकीत दिसतो तो बहुतेक वेळा कवचासारखा पसरणारा प्रकार: गुलाबी, जांभळा, कधी विटकरी. छोट्या सांधेदार फांद्यांचाही एक प्रकार असतो, पण तो टाकीत कमी दिसतो.

सुरुवात टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी होते, आणि बहुधा दगडांवर नाही, तर मागच्या काचेवर, पंपाच्या प्लास्टिकवर किंवा ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं जास्तीचं पाणी खाली नेणाऱ्या पेटीच्या) जाळीवर. ठिपका गोल वाढत जातो आणि कडेला एक फिकट रेघ दिसते. तीच वाढती कड. ती दिसली की समजा गाडी रुळावर आहे.

नवीन माणूस फसतो तो दोन-तीन गोष्टींत. लालसर-जांभळा थर बोटाने सरकला, पिपेटने फुंकर मारल्यावर चादरीसारखा उचलला गेला, त्यात बुडबुडे अडकलेले दिसले, तर ते सायनोबॅक्टेरिया, थोडक्यात सायनो (थर करून वाढणारे जिवाणू) आहे. गडद मरून रंगाचं, कडा दगडापासून सुटलेल्या आणि तुलनेने मऊ असं काही दिसलं तर ते बहुधा पेसोनेलिया नावाचं दुसरं लाल शैवाल असतं, आणि ते कोरलवरही चढू शकतं. काचेवरच्या पांढऱ्या, शंखासारख्या वळलेल्या बारीक गुंडाळ्या म्हणजे नळीत राहणारे निरुपद्रवी किडे.

खात्री करायची सोपी रीत सांगतो. काचेवरचा पापुद्रा ब्लेडने सोडवा. कोरलाइन असेल तर करकर आवाज करत कपचा निघतो आणि त्याची काचेला चिकटलेली बाजू फिकट असते. तो कपचा बशीत ठेवून वर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक फेस आला तर त्यात चुना आहे. सायनोवर असं काही होत नाही.

हे शैवाल एवढं हवंहवंसं का, तेही सांगितलं पाहिजे. समुद्रात ते तुटलेले प्रवाळाचे तुकडे एकमेकांना सांधतं, आणि बऱ्याच प्रवाळांच्या अळ्या बसायला जागा शोधताना याच कवचाकडे ओढल्या जातात. टाकीत त्याने दगडाचा पृष्ठभाग व्यापला की केसाळ शैवालाला मूळ धरायला तेवढी कमी जागा उरते. शिवाय ते आपला वरचा थर अधूनमधून टाकून देतं, त्यामुळे त्यावर बसू पाहणारी घाणही निघून जाते. पण ते पाणी साफ करणारं यंत्र नव्हे. नायट्रेट कमी करण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका.

२. हाताशी काय लागेल

- अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट यांचे टेस्ट किट. बजेट आखडतं असेल तर अल्कलिनिटीचा किट चांगला घ्या आणि बाकीच्यांत तडजोड करा.
- रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातलं मीठ मोजायचं उपकरण) आणि तो जुळवण्यासाठी ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ असलेलं) प्रमाण द्रावण.
- आरओडीआय (आरओ आणि डीआयोनायझेशनने शुद्ध केलेलं) पाणी आणि त्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर. रीडिंग शून्य किंवा शून्याच्या जवळ हवं.
- अल्कलिनिटी आणि कॅल्शियम वाढवणारी द्रावणं, किंवा चुन्याची निवळी.
- काचेच्या टाकीसाठी धातूचं ब्लेड. ॲक्रिलिकच्या टाकीसाठी फक्त प्लास्टिकचं.
- साधं पांढरं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड, एक वेगळी बादली, जुना टूथब्रश, बाटली धुवायचा बारीक ब्रश.
- रबरी हातमोजे आणि चष्मा.
- एक वही. ॲप वापरा हवं तर, पण तारीख, वेळ आणि आकडा लिहिला गेलाच पाहिजे.

३. पाण्याचे आकडे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांची स्थिरता

क्षारता (इथे मिठाचं प्रमाण, अल्कलिनिटी नव्हे) ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. तापमान २५ अंश सेल्सियसच्या आसपास. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). मॅग्नेशियम १२५० ते १३५०. अल्कलिनिटी ७.५ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक). नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४१० च्या, मॅग्नेशियम १३०० च्या आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते, म्हणजे आपण फार वेगळं काही करत नाही.

या यादीत तुमचा जीव अल्कलिनिटीत गुंतलेला असू द्या. कॅल्शियमचा साठा मोठा असतो. ४२० चा ४०० झाला तरी शैवालाला फारसं जाणवत नाही. पण तेवढंच कॅल्शियम कवचात जाताना अल्कलिनिटी जवळजवळ २.८ डीकेएचने घसरते. म्हणजे ८.५ वरून थेट ५.७! अल्कलिनिटी आधी संपते ती अशी. म्हणूनच ती आठवड्यातून दोनदा तरी मोजायची. कॅल्शियम आठवड्यातून एकदा आणि मॅग्नेशियम महिन्यातून एकदा मोजलं तरी चालतं.

किती घालायचं हे अंदाजाने ठरवू नका. आधी टाकीची रोजची खपत काढा. दोन-तीन दिवस काहीही डोस न देता, रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा. समजा सोमवारी संध्याकाळी ८.६ होती आणि बुधवारी संध्याकाळी ८.२ झाली, तर खपत रोज ०.२ डीकेएच. वेळ पाळायची कारण दिवे चालू असताना आणि बंद असताना खपत वेगळी असते.

आता हिशेब. १०० लिटर पाण्यात अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं, म्हणजे साधा खायचा सोडा. त्याच्या जोडीला कॅल्शियम सुमारे ७ पीपीएमने वाढवावं लागतं आणि त्यासाठी डायहायड्रेट प्रकारचं कॅल्शियम क्लोराइड २.६ ग्रॅमच्या आसपास लागतं. लिटर मोजताना टाकीचं माप धरू नका. दगड आणि वाळूने बरीच जागा अडवलेली असते, ती वजा करून संपमधलं (टाकीखालच्या जोड-टाकीतलं) पाणी मिळवा.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, दोन्ही द्रावणं एकाच वेळी, एकाच जागी ओतणं. पाणी दुधाळ होतं, कॅल्शियम कार्बोनेट तिथल्या तिथे खाली बसतं आणि दोन्ही आकडे पडतात. दोन्हींमध्ये निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा आणि जोराचा प्रवाह असेल तिथेच घाला.

दुसरा, कमी दिसलेली अल्कलिनिटी एका दिवसात जाग्यावर आणणं. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका. कोरल असतील तर अर्ध्यावर थांबा. कोरलाइनला ७.५ ही चालते, ९ ही चालते. आज ७.५ आणि परवा ९.५ हे मात्र चालत नाही.

तिसरा सापळा मॅग्नेशियमचा. तुम्ही डोस देत राहता आणि तरी कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही टिकत नाहीत, हीटरवर आणि पंपावर पांढरा खरखरीत थर चढतो, अशा वेळी मॅग्नेशियम मोजा. ते कमी पडलं की पाण्यातला चुना आपोआप साका बनून खाली बसू लागतो.

छोट्या टाकीत, कोरल कमी असताना, आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की बहुतेक खपत भरून निघते. तेव्हा डोसिंगच्या भानगडीत पडायची घाई नको. फक्त मिठाच्या नव्या बादलीचं पाणी टाकीत घालण्याआधी त्याची अल्कलिनिटी मोजा. काही मिठांची अल्कलिनिटी ११-१२ असते आणि दर रविवारी टाकीला तेवढा झटका बसतो.

चुन्याची निवळी हा माझा आवडता मार्ग आहे, कारण ती कॅल्शियम आणि अल्कलिनिटी योग्य प्रमाणात एकत्र देते आणि पीएचही थोडा वर ठेवते. एक लिटर आरओडीआय पाण्यात दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळा, झाकण लावून ठेवा आणि खाली बसल्यावर फक्त वरचं नितळ पाणी वापरा. उडालेल्या पाण्याची भरपाई यानेच करायची, थेंबथेंब, शक्यतो रात्री. याचा पीएच १२ च्या वर असतो. हातमोजे आणि चष्मा न घालता ही बाटली हाताळू नका. ऑटो टॉप-ऑफला (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेला) जोडणार असाल तर फ्लोट स्विच अडकला तर काय होईल याचा आधी विचार करा. निवळीचा डबा इतका लहान ठेवा की सगळा रिकामा झाला तरी टाकी वाचेल.

४. बियाणं आणा

हे शैवाल आपोआप उगवत नाही. पूर्णपणे कोरड्या दगडांनी सुरू केलेल्या टाकीत ते बाहेरून यावंच लागतं.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे दुसऱ्या, चांगल्या चाललेल्या रीफ टाकीतला एखादा जांभळा दगड. मुठीएवढा पुरतो. तो ओला ठेवूनच आणा, कारण सुकला की वरचं शैवाल मरतं. ज्या टाकीत माशांच्या उपचारासाठी तांबं वापरलेलं आहे तिथला दगड घेऊ नका. आणि दगड टाकीत सोडण्याआधी उजेडात सगळ्या बाजूंनी नीट न्याहाळा. एप्टेशियाचा (उपद्रवी समुद्री ॲनिमोनचा) एक छोटा जीव किंवा हिरव्या फुग्यांसारखं बुडबुडा-शैवाल सोबत आलं, तर ते काढण्यात कोरलाइनपेक्षा जास्त वेळ जाईल.

दगड मिळत नसेल तर ज्या ट्रोकस गोगलगाईचं कवच जांभळं झालंय ती आणा. किंवा कोणाच्या काचेवरून खरवडलेले कपचे मागून घ्या. लोक ते टाकूनच देतात. कपचे प्रवाहाच्या वरच्या बाजूला, दगडांच्या फटींत सोडा. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि फिल्टर सॉक (पाणी गाळायची पिशवी) काही तास बंद ठेवा, म्हणजे बारीक तुकडे आणि बीजाणू लगेच गाळले जाणार नाहीत. पॉवरहेड (टाकीत प्रवाह देणारा पंप) मात्र चालू राहू द्या.

बाटलीत मिळणारं कोरलाइनही चालतं, ते ताजं असेल तर. पण अल्कलिनिटी वर-खाली होत असलेल्या टाकीत बाटलीमागून बाटली ओतूनही काही हाती लागत नाही. आधी निदान तीन-चार आठवडे आकडे जागच्या जागी ठेवून दाखवा, मगच बियाणं आणा.

५. दिवा वाढवू नका

नवीन टाकीत शैवाल येईना म्हणून दिव्याचा जोर वाढवण्याचा मोह होतो. गरज नाही. बहामाजवळ समुद्रात २६८ मीटर खोलीवर जिवंत कोरलाइन सापडलेलं आहे, तिथे उजेड नावालाच असतो. टाकीतही ते आधी सावलीच्या कडेला, दगडाच्या कुशीत, कोरलच्या खालच्या बाजूला धरतं. तुमच्या कोरलना हवा तेवढा उजेड ठेवा, त्यात ते येतंच. नवा एलईडी लावलात तर त्याचा जोर काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. अचानक वाढवल्यास वरच्या दगडांवरचं शैवाल पांढरं पडतं.

प्रवाह मध्यम आणि सगळीकडे पोचणारा हवा. दगडावर मळ साचून राहिला तर त्याखाली काही उगवत नाही.

६. मधल्या काळात धीर धरा

पहिल्या काही महिन्यांत आधी तपकिरी डायटम (एक सूक्ष्म शैवाल) येतं, मग कधी सायनो, कधी हिरवं केसाळ शैवाल. कोरलाइन सावकाश वाढणारं आहे आणि ही मंडळी झपाट्याने जागा पटकावतात. इथे तुमचं काम त्यांना आवरण्याचं. हाताने उपटा, सायफनने ओढून घ्या, ट्रोकस आणि टर्बो गोगलगाई ठेवा.

फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या पट्ट्यात ठेवा. फार वाढलं तर चुना साठवण्याची क्रिया मंदावते. पण फॉस्फेट काढणारं माध्यम भरमसाट घालून ते शून्यावर नेऊ नका. शून्य फॉस्फेट आणि शून्य नायट्रेटच्या टाक्यांत डायनोफ्लॅजेलेट (चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) बोकाळतात, आणि त्यांच्यापुढे केसाळ शैवाल परवडलं.

सी अर्चिन (काटेरी, गोल समुद्री जीव) आणताना विचार करा. टक्सिडो किंवा लांब काट्यांचा अर्चिन दगडावरचं केसाळ शैवाल छान साफ करतो, पण सोबत कोरलाइनही खरवडून खातो, मागे पांढऱ्या वाटा ठेवत. दगड नुकतेच रंग धरत असताना तो नको. जुन्या, सगळीकडे जांभळ्या झालेल्या टाकीत मात्र हाच अर्चिन तुमचा मदतनीस ठरतो.

७. आता आवरायची वेळ: काच

माझा नियम असा: दगड, मागची काच आणि ओव्हरफ्लोची पेटी शैवालाची, पुढची आणि बाजूची काच आपली. मागची काच घासत बसू नका. तिथला जांभळा पडदा शोभून दिसतो आणि तोच पुढचं बियाणंही असतो.

पुढच्या काचेवर ठिपके दिसायच्या आत, दोन-तीन दिवसांतून एकदा मॅग्नेट (काच पुसायचा चुंबक) फिरवा. ठिपका एकदा कडक झाला की मॅग्नेटच्या कापडाने निघत नाही, ब्लेड लागतं. ब्लेड काचेला तिरकं, साधारण ३० अंशांत टेकवा आणि एकाच दिशेने पुढे ढकला. मागे ओढू नका. कोपऱ्यातल्या सिलिकॉनला ब्लेड लावायचं नाही. तिथे जुनं प्लास्टिक कार्ड वापरा आणि थोडं राहिलं तर राहू द्या.

ओरखडे पडतात ते बहुतेक वेळा वाळूमुळे. मॅग्नेट वाळूपाशी नेला की एखादा कण त्यात अडकतो आणि मग काचभर रेघ. वाळूच्या वर दोन बोटं जागा सोडा आणि तेवढी पट्टी ब्लेडने हाताने करा. ॲक्रिलिकची टाकी असेल तर खालच्या भागात मॅग्नेट नेऊच नका.

८. पंप, हीटर आणि नळ्या

लोक काचेकडे बघतात, पण खरं नुकसान इथे होतं. पॉवरहेडच्या जाळीवर आणि इंपेलरच्या (पंपाच्या फिरत्या पात्याच्या) घरात कवच चढलं की आधी प्रवाह कमी होतो, मग आवाज येतो, मग बंद केल्यावर पंप पुन्हा सुरू होत नाही. वीज जाऊन आल्यावर पंप सुरूच न होण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. म्हणून तीन महिन्यांतून एकदा सगळे पंप धुवायचे. एकाच दिवशी सगळे काढू नका, आळीपाळीने काढा, म्हणजे टाकीतला प्रवाह चालू राहील.

रीत अशी. पंप बंद करून काढा आणि सुटे होणारे भाग वेगळे करा: जाळी, पुढचं झाकण, इंपेलर. बादलीत एक भाग व्हिनेगर आणि एक भाग पाणी घ्या. खूप कवच असेल तर पंप जोडून याच बादलीत अर्धा-एक तास चालवा, म्हणजे आतपर्यंत द्रावण पोचतं. फेस यायला लागेल, तो थांबला की चुना विरघळला. मग टूथब्रशने हलकं घासा. इंपेलरच्या दांडीवर जोर देऊ नका, काही पंपांत ती सिरॅमिकची असते आणि कट्‌कन मोडते. शेवटी साध्या पाण्यात दोनदा चालवून धुवा.

व्हिनेगरच्या बादलीत ब्लीच कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि घाई झाली म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिडकडे वळू नका. व्हिनेगर हेच काम करतं, फक्त थोडा वेळ घेतं.

हीटर पाण्याबाहेर काढण्याआधी प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा. गरम काच हवेत आली की तडकते. ओव्हरफ्लोचे दात आणि परतीच्या पाइपचं तोंड महिन्यातून एकदा बोटाने चाचपून बघा. दातांमधल्या फटी कवचाने बुजल्या तर टाकीतली पातळी चढत जाते.

९. खपत वाढते, तिच्याकडे लक्ष ठेवा

टाकी जांभळी झाल्यावर तुमची जुनी डोसिंग पुरत नाही. कोरलाइनही त्याच कॅल्शियम-अल्कलिनिटीवर जगतं ज्यावर तुमचे कडक कोरल जगतात. सहा महिने ०.२ डीकेएच असलेली खपत ०.६ किंवा त्याहून वर जाऊ शकते. महिन्यातून एकदा खपत नव्याने काढा. काचेवरून एकाच दिवशी खूप मोठा थर काढलात तर पुढच्या काही दिवसांत खपत उतरलेली दिसेल. तेव्हा डोस तसाच चालू ठेवला तर अल्कलिनिटी चढते, म्हणून मोठ्या सफाईनंतर आठवडाभर रोज मोजा.

१०. शैवाल अचानक पांढरं पडलं तर

आधी वही उघडा. मागच्या दोन आठवड्यांत अल्कलिनिटी किती हलली? नवा दिवा, नवं मीठ, तापमानात चढ-उतार, क्षारता घसरणं, पाणी बदलताना दगड बराच वेळ उघड्यावर राहणं, यांपैकी काहीतरी सापडेल. फक्त वरच्या दगडांवर पांढरं असेल तर दिव्याकडे बघा. सगळीकडे सारखंच असेल तर पाण्याकडे. नागमोडी पट्टे असतील तर रात्री टॉर्च घेऊन अर्चिन किंवा कायटॉन (दगडाला चिकटून शैवाल खरवडणारा कवचधारी जीव) शोधा.

रिफ्रॅक्टोमीटर पुन्हा प्रमाण द्रावणाने जुळवून बघा. शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला मीटर ३५ ला चुकीचा दाखवू शकतो, आणि क्षारता महिनोन्‌महिने चुकीची राहते.

पांढरे झालेले डाग खरवडू नका. सांगाडा तिथेच असतो आणि कडेला थोडं जिवंत शैवाल उरलेलं असेल तर ते त्याच जागेवर परत पसरतं. तोवर त्या पांढऱ्या जागेवर हिरवं केसाळ शैवाल बसणार नाही एवढं बघा: दोन ट्रोकस जास्त ठेवा, त्या भागावर प्रवाह येऊ द्या आणि अल्कलिनिटी आहे तिथे धरून ठेवा.